नंबर बंद झाला, पाइप नाही: वाहन कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
सुटे भाग विभागाचे प्रमुख, आणि कोणता भाग कधी बंद करायचा हे ठरवणारे सर्व अधिकारी,
पिकअप व हलकी मालवाहू वाहनं बनवणाऱ्या सर्व कंपन्या

विषय: बंद केलेल्या एसीच्या भागांची मोजमापं खुली करण्याबाबत

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

माझी पिकअप १९ वर्षांची आहे. इंजिनाला अजून हात लावावा लागलेला नाही, गिअरबॉक्स कुरकुरत नाही, चॅसी ठणठणीत आहे. बंद पडला तो एसी, आणि तोही एका हातभर लांबीच्या पाइपामुळे. मधे रबर, दोन्ही टोकांना वळवलेल्या अॅल्युमिनियमच्या नळ्या. कॉम्प्रेसरकडे, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाकडे, परत येणारा गॅस या पाइपातून येतो. काउंटरवर गेलो तर तिथल्या मुलाने नंबर टाकला. त्या नंबराच्या जागी दुसरा नंबर आला, दुसऱ्याच्या जागी तिसरा आला आणि तिसऱ्यापुढे लिहिलेलं होतं: बंद. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली, म्हणजे माझा विश्वास बसावा. बिचाऱ्याचा काय दोष!

तुमच्यापैकी नेमकी कोणाची गाडी ते मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीचे सगळे सुटकेचा निःश्वास टाकतील, आणि तशी सवलत कोणालाच द्यावी असं मला वाटत नाही.

माल वाहायच्या गाडीला एसी हवाच कशाला, हा प्रश्न मला या काळात बऱ्याच जणांनी विचारला. तुमच्या बैठकांमध्येही तो निघत असणार, म्हणून आधी त्याचं उत्तर. बंद केबिनमध्ये दोन माणसं आणि बाहेर धो-धो पाऊस असला की समोरची काच आतून धुरकट होते. एसीच्या थंड कॉइलवरून जाताना हवेतली वाफ कॉइलवर जमते, पाणी होऊन नळीवाटे खाली रस्त्यावर ठिबकतं आणि आत कोरडी हवा येते. ती कोरडी हवा काचेवर सोडली की काच मिनिटभरात साफ. एसी नसेल तर एका हाताने फडकं फिरवत दुसऱ्या हाताने लादलेली गाडी चालवायची. उन्हात आठ-दहा तास तापलेल्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाच्या डोक्याचं काय होतं, ते वेगळंच. त्यामुळे कृपा करून एसीला चैनीच्या यादीत टाकून पुढे जाऊ नका.

सुरुवातीला मीही इतरांसारखाच वागलो. हवा गार येईना तसा गॅस भरून आणला. काही आठवडे बरं चाललं, मग पुन्हा तेच. पुन्हा भरला. एकाने गेज लावून गाडी बंद असतानाचा दाब पाहिला आणि सांगितलं, "गॅस भरपूर आहे, कॉम्प्रेसर गेलाय." आता कळतं, उभ्या गाडीतला तो दाब गॅस किती आहे हे सांगतच नाही. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी आर-१३४ए चा, म्हणजे माझ्या एसीतल्या गॅसचा, दाब २५ अंश सेल्सिअसला साडेपाच बारच्या आसपासच राहतो, मग गॅस २०० ग्रॅम असो की ७००. वजन सांगणारं गेज नसतं. गॅस सगळा काढून काट्यावर मोजावा लागतो.

आणि गॅस हा काही डिझेल नव्हे की वापरून संपावा. बंद वर्तुळात तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. गेलेला गॅस कुठे जातो, हे तुम्हाला सांगायला नको. आर-१३४ए ची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरली जाते. माझ्या गाडीत ७०० ग्रॅम बसतो. म्हणजे माझ्या पिकअपमधून एकदा गळून गेलेला गॅस साधारण एक टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा झाला, आणि मी तो दोनदा गळू दिला. तुमच्या वार्षिक अहवालांत हिरव्या पानांची चित्रं असतात. त्या अहवालात एक रकाना वाढवा: हातभर पाइप मिळाला नाही म्हणून दरवर्षी नुसता गॅस भरत राहिलेल्या जुन्या गाड्या किती.

तिसऱ्या वेळी एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गेज बाजूला ठेवलं आणि आधी टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकले. पाइपाच्या टोकाला, जिथे रबरावर धातूची टोपी दाबलेली असते, तिथे काळपट तेलकट डाग होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे गॅस जिथून निसटतो तिथे तेलाची खूण राहते. मी म्हटलं, "पाइप कंपनीत बंद झालाय." ते म्हणाले, "अहो, पाइप कधी बंद होत नाही. नंबर बंद होतो. पाइप आपण करू."

पाइप केला. कसा केला ते तुम्ही सविस्तर वाचावं, कारण या पत्राचं सगळं भांडण त्या एका पाइपातच आहे.

एसीसाठी लागणारा रबरी पाइप मीटरवर मिळतो. आतून नायलॉनचा थर असलेला, ठरावीक मापांचा: सहा नंबरचा आतून ५/१६ इंच, आठचा १३/३२, दहाचा अर्धा इंच, बाराचा ५/८. रबरावर दाबायच्या टोप्या मिळतात, त्या दाबायचं क्रिंपिंगचं यंत्रही असतं. न मिळणारी गोष्ट एकच, ती म्हणजे दोन्ही टोकांच्या वळवलेल्या नळ्या; त्या फक्त माझ्या मॉडेलच्या. मग जुन्याच वाचवायच्या. जुनी टोपी उभी कापून सोलून काढायची, आणि ती कापताना आतल्या नळीच्या कंगोऱ्यांना करवत लागू द्यायची नाही. एक टोक छान निघालं. दुसऱ्याला ओरखडा गेला. तिथे नवा दांडा टिग वेल्डिंगने जोडावा लागला. इतक्या पातळ अॅल्युमिनियमवर ते काम करणारा माणूस शोधण्यात आठवडा गेला.

पुढे लांबी. जुना पाइप टेबलावर ठेवून वाकाच्या बाजूने टेप लावला, तेवढाच नवा कापला. बसवला तर बसला. इंजिन चालू करून रेस दिली आणि इंजिन माउंटिंगवर कलंडलं तसा पाइप ताणला गेला. १९ वर्षं उष्णतेत राहून जुनं रबर आखडलं होतं आणि आम्ही त्या आखडलेल्या रबराचं माप घेतलं होतं! दोन सेंटिमीटर कमी. पाइप पुन्हा केला.

लांबी जमली तर पीळ चुकला. हे कधी पाइप न बनवलेल्या माणसाला समजायला अवघड जातं, पण तुमच्या डिझाइनवाल्यांना लगेच कळेल. दोन्ही टोकं वळलेली असली की एका वाकाच्या तुलनेत दुसरा वाक किती अंशांनी फिरलेला असावा, हे टोपी दाबण्याआधी ठरवावं लागतं. टोपी एकदा दाबली की फिरत नाही. चार-पाच अंश चुकले तरी पाइप पिळवटलेला राहतो आणि त्याच जागी पुन्हा गळतो. आम्ही रबरावर खडूने रेघ मारली, टोकं नुसती खोचून गाडीत बसवली, पुन्हा काढली, पुन्हा रेघ मारली. तिसऱ्या पाइपाला जमलं.

लांबी, पिळाचा कोन, दोन नळ्यांचे वाक, टोकाच्या फिटिंगचे आटे, ओ-रिंगचं माप. पाच आकडे. ते एका कागदावर आहेत आणि तो कागद तुमच्याकडे आहे. तो हाती असता तर पाइप अर्ध्या दिवसात झाला असता. आम्हाला तीन आठवडे लागले.

आता कॉम्प्रेसरचा क्लच. पहिल्या मिस्त्रीने कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलं होतं, त्याचं कारण हा होता. सकाळी एसी लागायचा, दुपारी गाडी तापली की कॉम्प्रेसर फिरायचाच नाही, संध्याकाळी पुन्हा लागायचा. इंजिन चालू असेपर्यंत एसीची पुली फिरतच असते. कॉम्प्रेसर फिरवायचा झाला की पुलीमागची विजेची कॉइल चुंबक होते आणि समोरची चकती ओढून पुलीला चिकटवते. या दोघांमधली फट साधारण अर्धा मिलिमीटर असावी लागते. वर्षानुवर्षं घासून माझी फट नऊ दशांशांवर गेली होती. कॉइल थंड असते तेव्हा एवढी फटही कशीबशी ओढली जाते. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, प्रवाह कमी होतो आणि ओढ अपुरी पडते. मिस्त्रींनी मधला नट काढला, चकती काढली, तिच्यामागचा कागदाएवढा पातळ वॉशर काढून टाकला, पुन्हा बसवलं आणि फीलर गेज फिरवून चारी बाजूंनी फट पाहिली. कॉम्प्रेसर दुपारीही फिरायला लागला. नवा काहीच भाग लागला नाही, उलट एक कमी झाला.

(जाता जाता एक गंमत. कारखान्यातूनच एसी बसवून मिळणाऱ्या पहिल्या गाड्या पॅकार्डच्या, १९४० च्या मॉडेलच्या. त्यांना हा क्लच नव्हताच. थंडीच्या दिवसांत एसी नको असेल तर इंजिन बंद करून बॉनेट उघडायचं आणि बेल्ट उतरवून ठेवायचा. दुरुस्ती मालकाच्या हाताला यावी, हा हेतू तेव्हाही नसणार. पण येत होती.)

पुलीचं बेअरिंग मात्र घरघरत होतं. तुमच्या यादीत बेअरिंग नावाची वस्तूच नाही. यादीत आहे "क्लच असेंब्ली", आणि ती बंद. बेअरिंग प्रेसने बाहेर काढलं तेव्हा त्याच्या कडेला ते बनवणाऱ्याचा नंबर स्वच्छ कोरलेला होता. आत ३५, बाहेर ५५, जाडी २० मिलिमीटर. हे माप जगभर मिळतं, आजही बनतं. म्हणजे तुम्ही तीन-चार वस्तू एकत्र बांधून त्या गाठोड्याला नंबर दिलात आणि गाठोडं बंद झालं तशा आतल्या वस्तूही मेल्या, निदान यादीपुरत्या तरी. कॉम्प्रेसरच्या दांड्याच्या सीलचं तेच, ब्लोअर मोटरच्या कार्बन ब्रशचंही तेच.

कॉम्प्रेसर तुम्ही बनवत नाही, हेही या निमित्ताने समजलं. तो बनवणारा दुसराच असतो आणि त्याचा नंबर कॉम्प्रेसरच्या अंगावरच्या पट्टीवर असतो. कॉम्प्रेसर खरंच गेला असता तर मिस्त्रींकडे तोड होती. त्यांनी पूर्वी एका गाडीत सँडेनचा एसडी-७एच१५ बसवला होता, सात पिस्टनचा, १५५ घनसेंटिमीटरचा. तोच कॉम्प्रेसर कुठे ट्रकमध्ये असतो, कुठे शेतीच्या यंत्रावर. पट्टीचा ब्रॅकेट लेथवर करून घ्यायचा आणि बेल्ट सरळ रेषेत आणायचा. बेल्ट जरा जरी तिरका चालला तर किंचाळतो आणि लवकर तुटतो. माझ्यावर ती वेळ आली नाही.

कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करणारा भाग, दगडांनी फुटून पुरता गेलेला होता, तोही बंद. पण कंडेन्सर हा शेवटी चौकोनच. उंची, रुंदी, जाडी मोजली, त्यात बसणारा सर्वसाधारण मापाचा घेतला आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांनी टांगला. रेडिएटरला टेकू दिला नाही. मात्र याचा एक परिणाम होतो आणि घाईत तो विसरला जातो. कंडेन्सरचं आतलं आकारमान बदललं की बॉनेटखालच्या स्टिकरवरचा गॅसचा आकडा खोटा ठरतो. आमच्या स्टिकरवर ७०० ग्रॅम होतं. आम्ही साडेपाचशेपासून सुरुवात केली आणि दर वेळी थोडा थोडा भरत, कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचे दाब आणि डॅशबोर्डच्या जाळीतून येणाऱ्या हवेचं तापमान बघत गेलो. तापमान उतरायचं थांबलं तिथे आम्हीही थांबलो. जास्त गॅस भरल्याने जास्त गार होतं, असा एक समज आहे. होतं उलटंच. कंडेन्सरमध्ये द्रव तुंबतो, दाब चढतो आणि हवा कोमट यायला लागते.

ड्रायर बदललाच. वर्तुळ उघडं पडलं की तो बदलायचाच असतो, त्यातले ओलावा शोषणारे दाणे हवेतलं पाणी पिऊन बसलेले असतात. सर्वसाधारण ड्रायर मिळाला, पण माझ्या जुन्या ड्रायरच्या डोक्यावर दाबाचा स्विच बसत होता आणि नव्याला तशी जागाच नव्हती. इथे आमच्याबरोबरचा एक जण म्हणाला, दोन्ही तारा जोडून टाका, स्विचची कटकट नको. मिस्त्री त्याच्यावर असे चिडले की काही विचारू नका. गॅस कमी झाला की साधारण दोन बारच्या खाली हा स्विच कॉम्प्रेसर थांबवतो, कारण गॅसबरोबर फिरणारं तेलही तेव्हा परत येईनासं होतं. आणि पंखा बंद पडून दाब तिसेक बारवर चढला तरी थांबवतो, नाहीतर पाइप फुटेल. तारा जोडल्या म्हणजे या दोन्ही राखणदारांना घरी पाठवलं. शेवटी पाइपावर स्विचसाठी वेगळी जागा करून घेतली. तुमच्या स्विचचे आटे कोणते आणि तो नेमक्या किती दाबाला उघडतो, हे मात्र तुमच्या एकाही पुस्तिकेत मला सापडलं नाही. दोन जुने स्विच नायट्रोजनच्या दाबावर तपासून आकडे काढावे लागले.

आत डॅशबोर्डमध्ये अजून एक लहानसं दुखणं होतं. गरम-गार हवेचं झाकण फिरवणाऱ्या मोटरचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक झिजलं होतं, टकटक आवाज करत राहायचं. नखाएवढं चाक! त्याचा आराखडा काढून थ्रीडी प्रिंटरवर केलं. पहिलं चाक पीएलए नावाच्या प्लॅस्टिकचं होतं, ते साठेक अंशांना मऊ पडतं आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली तेवढं तापमान सहज होतं. चाक वितळलं नाही, पण दाते वाकले. दुसरं नायलॉनचं केलं, ते टिकलंय.

सगळं जोडून झाल्यावर आधी नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावलं, मग व्हॅक्यूम पंप पाऊण तास चालवला. आत अडकलेलं पाणी व्हॅक्यूममध्ये गारठ्यातही उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. २५ अंशांना त्यासाठी दाब पाऱ्याच्या २४ मिलिमीटरच्या खाली न्यावा लागतो. पंप बंद करून अर्धा तास काटा पाहिला. हलला नाही. त्या अर्ध्या तासात चहासुद्धा कोणी मागवला नाही, सगळे काट्याकडे डोळे लावून बसलो होतो. मग गॅस, मग जाळीत थर्मामीटर: सात अंश.

तर एसी चालू झाला. मग तक्रार कसली, असं तुम्ही म्हणाल.

तक्रार अशी की या कामाचा मोठा भाग दुरुस्तीत गेलाच नाही. तो गेला तुम्हाला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी नव्याने शोधून काढण्यात. आणि हे मी एकट्याने केलं असं नाही. याच मॉडेलचा दुसरा मालक, दुसऱ्या मिस्त्रीकडे, तोच कोन पुन्हा खडूने शोधत असणार.

जुना भाग आयुष्यभर बनवत राहा, असं माझं म्हणणं नाही. साचे झिजतात, कारखान्यात जागा लागते, वर्षाला चार पाइप विकले जाणार असतील तर कोणीही ते बनवणार नाही. हे मला मान्य आहे, आणि ज्यांना मान्य नाही त्यांच्याशी मी तुमच्या बाजूने वाद घालेन. पण भाग बनवणं थांबवणं वेगळं आणि भागाची माहिती कपाटात ठेवून कुलूप लावणं वेगळं. पहिल्याला खर्चाचं कारण आहे. दुसऱ्याला कोणतं आहे?

आणि तुम्ही ही माहिती देऊ शकता हे सिद्ध झालेलं आहे, कारण तुम्ही ती एकदा दिलेली आहे. गाड्यांच्या एसीत पूर्वी आर-१२ असायचा. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की या जातीच्या वायूंमधला क्लोरीन ओझोनचा थर खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जगाला कळलं, १९८७ मध्ये असे वायू बंद करण्यासाठी माँट्रियल करार झाला आणि १९९६ च्या सुरुवातीपासून विकसित देशांत आर-१२ चं उत्पादन बंद झालं. रस्त्यावर तेव्हा आर-१२ वर चालणाऱ्या असंख्य गाड्या होत्या. त्या वेळी बऱ्याच उत्पादकांनी जुन्या गाड्या आर-१३४ए वर कशा न्यायच्या याच्या सूचना छापल्या: खनिज तेल १३४ए बरोबर फिरत नाही म्हणून कोणतं तेल घालायचं, ड्रायर कोणता, गॅस भरायच्या तोंडांवर कोणती नवी फिटिंग लावायची, आधीच्या वजनाच्या किती टक्के गॅस भरायचा. फिटिंगचे संचही विकले. म्हणजे जुनी गाडी जगवण्याची विद्या तुमच्याकडे होती आणि वेळ आली तेव्हा तुम्ही ती वाटली.

तीच वेळ आता फिरून येते आहे. युरोपात २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत १३४ए चालत नाही, नव्या गाड्या आर-१२३४वायएफ या नव्या वायूवर गेल्या. माँट्रियल करारात २०१६ मध्ये झालेल्या किगाली दुरुस्तीनुसार १३४ए च्या कुळातले वायू जगभर टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत. उद्या पाइपाबरोबर गॅसही दुर्मीळ होईल. तेव्हा जुनी गाडी गळकी ठेवणं कोणालाच परवडणार नाही. नवा वायू जुन्या गाडीत असाच भरता येत नाही, तो थोडा ज्वलनशील आहे, म्हणून त्याची तोंडं आणि नियम वेगळे. आणि अधिकृत वाट बंद असली की लोक आडवाट शोधतातच. कोणी गळती बुजवणारं रसायन ओततो, जे पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (कॉइलकडे जाणारा गॅस मोजून सोडणारी झडप) आणि गॅस काढायच्या यंत्रात जाऊन थिजतं. कोणी स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचं मिश्रण भरतो आणि एसीची थंड कॉइल असते केबिनच्या आत, माणसांच्या गुडघ्यांसमोर. हे करणाऱ्यांना मी शहाणं म्हणत नाही. पण त्यांना त्या वाटेवर ढकलायला तुमचा "बंद" हा शब्द कारण होतो.

तुमचे कायदेवाले म्हणतील, आराखडे दिले तर निकृष्ट नक्कल होईल. नक्कल आजही होते, फक्त अंदाजाने होते. चुकीच्या कोनाचा पाइप जास्त धोक्याचा की बरोबर कोनाचा? कोणी म्हणेल, मालकीची माहिती आहे. जो भाग तुम्ही बनवत नाही, विकत नाही आणि पुढे बनवणारही नाही, त्याच्या लांबीचं गुपित कोणापासून राखायचं आहे, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

म्हणून मागणी. नंबर बंद करायच्या दिवशी त्या नंबरासमोर "बंद" एवढंच न लिहिता एक कागद जोडा. पाइप असेल तर लांबी, व्यास, वाक आणि पिळाचा कोन. कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल असेल तर बाहेरची मापं आणि फिटिंग. स्विच असेल तर आटे आणि दाब. असेंब्ली असेल तर आतल्या बेअरिंगचा, सीलचा मूळ बनवणाऱ्याकडचा नंबर. कॉम्प्रेसरचं तेल कोणत्या जाडीचं, पॅग ४६ की १००, आणि किती मिलिलिटर. प्लॅस्टिकची चाकं, झाकणं, खुंट्या यांच्या संगणकीय फाइली तशाच सोडून द्या, त्या कोणीही छापून घेईल. शिवाय बंद करण्याआधी वर्षभर तरी सांगा, म्हणजे ज्यांना घेऊन ठेवायचं ते ठेवतील. आणि तोच भाग तुमच्याच दुसऱ्या मॉडेलमध्ये वेगळ्या नंबराने अजून विकला जात असेल, तर तेही त्याच स्क्रीनवर दिसू द्या. माझ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हचं नेमकं तसंच निघालं. नवा व्हॉल्व्ह तुमच्या एका दुसऱ्या गाडीच्या नावाने शेल्फवर पडून होता. दोन्ही समोरासमोर धरून पाहिल्यावर मिस्त्रींनी ओळखला.

या पत्रासोबत मी माझ्या पाइपाचा हाताने काढलेला आराखडा जोडत आहे. ज्यांच्याकडे हे मॉडेल आहे त्यांनी तो खुशाल वापरावा. लांबी आणि वाक तपासलेले आहेत, फिटिंगचे आटे गेजने पाहिलेले आहेत. दोन टोकांमधल्या पिळाचा कोन मी ६५ अंश लिहिला आहे, पण तो खडूच्या रेघेवरून घेतला असल्यामुळे दोन-तीन अंश इकडेतिकडे असू शकतो. तुमच्याकडच्या कागदावर तो किती आहे, तेवढं कृपया कळवावं.

आपला,
एका १९ वर्षांच्या पिकअपचा मालक